महात्मा फुले आणि पाण्याचा प्रश्न : अंगणातल्या हौदापासून शेताच्या बांधापर्यंत

एप्रिल हा आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीचा महिना. ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब. विहाराला रंग लागतो, पताका लागतात, मिरवणुकीची तयारी सुरू होते. बुलढाणा जिल्ह्यात हाच महिना पाणीटंचाईचाही असतो. हिवरा आश्रम घ्या, मेहकर घ्या नाहीतर शेजारचा लोणार तालुका घ्या, एप्रिल लागला की विहिरींचा तळ दिसू लागतो, हातपंप कोरडा ओढतो आणि बायाबापड्या हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. मिरवणुकीतल्या पाणपोईसाठी टँकर सांगावा लागतो. तो कुठून येतो, हे आपण सहसा विचारत नाही.

म्हणून यंदा जोतीरावांचे जीवन पाण्याच्या बाजूने वाचू. मुलींची शाळा काढणारे जोतीराव आपल्याला पाठ आहेत. आपला हौद अस्पृश्यांसाठी उघडणारे जोतीरावही भाषणात येतात. पण डोंगरउतारावर पाणी कसे अडवावे, तलावातला गाळ कोणाला मिळावा, कालव्याचे पाणी शेतकऱ्याला कसे मोजून द्यावे, हे लिहिणारे जोतीराव आपल्या व्यासपीठावर फारसे येत नाहीत.

दुष्काळी गावातून आलेले घराणे

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा, पुण्याचा. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, खटाव तालुक्यातले. मूळ आडनाव गोऱ्हे. खटाव-माणचा हा पट्टा पावसाच्या सावलीतला, पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ पाहिलेला. तिथल्या कुलकर्ण्याशी झालेल्या वादातून जोतीरावांच्या पणजोबांना गाव सोडावे लागले आणि कुटुंब पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले. तोही कोरडवाहू मुलूख. पुढे आजोबा पुण्याला आले. पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या कामामुळे फुले हे नाव पडले.

वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा करत. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच वारल्या आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. फुलझाडे आणि भाजीपाला म्हणजे पाण्यावरची शेती. रोज पाणी दिले नाही तर रोप माना टाकते. मधल्या काळात गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले होते. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी आग्रह धरला, म्हणून १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. पुस्तकाआधी त्यांच्या हातात शेतातली अवजारे आली होती. पुढे पाण्यावर लिहिताना हा अनुभव कामी आला.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. लोकांच्या दबावाखाली वडिलांनी दोघांना घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला. पुढच्या काही वर्षांत महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाल्या.

या शाळांमध्ये पाण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. मूल शाळेत दिवसभर बसणार तर त्याला तहान लागणारच. अस्पृश्य मुलाला सार्वजनिक हौदाला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेल, याची वाट पाहत उभे राहावे लागे. अक्षरे शिकवायची आणि पाणी तोडायचे, असे एकाच वेळी चालणार नव्हते.

१८६८ : अंगणातला हौद

१८६८ मध्ये जोतीरावांनी पुण्यातल्या गंज पेठेतील आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ही पेठ आज महात्मा फुले पेठ म्हणून ओळखली जाते आणि त्यांचा वाडा समताभूमी म्हणून. तिथे जाणाऱ्या प्रत्येक भीमसैनिकाने या घटनेचे वजन नीट समजून घ्यावे.

सरकारी हुकूम नव्हता, कायदा नव्हता, पाठीशी पक्ष नव्हता. हौद स्वतःच्या मालकीचा होता आणि तो बंद ठेवला असता तर कोणी जाब विचारला नसता. उलट तो उघडल्याने स्वतःच्याच जातीचा, नातलगांचा रोष ओढवणार होता. पाण्याचा विटाळ मानणारे फक्त ब्राह्मण नव्हते. शूद्र म्हणून हिणवले जाणारे समाजही अतिशूद्रांशी तोच व्यवहार करत. जोतीरावांनी घाव घातला तो आधी स्वतःच्या उंबऱ्यावर.

या घटनेनंतर ५९ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. दोन्ही घटना एकाच रस्त्यावरच्या आहेत. एका माणसाने आपल्या मालकीचे पाणी दिले. पुढच्या पिढीने सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क बजावला. मधला दुवा म्हणजे १९२३ चा सीताराम केशव बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला ठराव. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण पाणी प्यायला कोणी धजावत नव्हते. म्हणून सत्याग्रह करावा लागला. त्यानंतरही तळ्याचा खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले.

खडकवासल्याचे धरण आणि मांजरीची शेती

जोतीराव केवळ समाजसुधारणेवर जगणारे नव्हते. ते कंत्राटदार होते, व्यापारी होते, शेतकरी होते. खडकवासल्याला मुठा नदीवर इंग्रज सरकारचे धरण बांधले जात होते, तेव्हा त्या कामाला त्यांनी बांधकामाचा माल पुरवला. धरण कसे उभे राहते, पैसा कुठे मुरतो, मजुराच्या हातात किती पडतो, हे त्यांनी जवळून पाहिले. बांधकाम खात्यातल्या लाचखोरीवर त्यांनी पुढे सडकून लिहिले. ते ऐकीव नव्हते.

धरण झाले, कालवे निघाले. पण कालव्याचे पाणी घ्यायला शेतकरी कचरत होते. पाणीपट्टीची धास्ती होती, नव्या पद्धतीची माहिती नव्हती. तेव्हा जोतीरावांनी पुण्याजवळच्या मांजरी भागात स्वतः जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायती करून दाखवली. पाणी घ्या असा उपदेश करण्यापेक्षा त्यांनी पीक उभे करून दाखवले.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. तीनच वर्षांनी दख्खनवर १८७६-७७ चा भीषण दुष्काळ कोसळला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर भागांतून माणसे आणि जनावरे देशोधडीला लागली. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला बालाश्रम उघडला आणि दुष्काळग्रस्तांच्या मुलांना जेवू घातले. १८७६ पासून जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. एका बाजूला उपाशी मुलांची पंगत आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्या साहेबाच्या स्वागतासाठी शहर सजवण्याचा खर्च, हे दोन्ही त्यांनी पाहिले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेने पैसा उधळण्याला त्यांनी एकट्याने विरोध केला.

शेतकऱ्याचा असूड : पाण्याचा आराखडा

दुष्काळातून जोतीराव दोन प्रश्न घेऊन बाहेर पडले. एक, पाऊस पडतो ते पाणी जाते कुठे? दोन, साठलेले पाणी मिळते कोणाला? १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात दोन्हींची उत्तरे आहेत. हा ग्रंथ छापून घेणेही सोपे नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे त्यांचे सहकारी, पण त्यांच्या दीनबंधू पत्राने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे धाडस केले नाही. जोतीरावांना याचा राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही.

ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्यांनी सरकारला उपाय सांगितले. त्यांतले पाण्याचे उपाय आज आपल्या भाषेत असे मांडता येतील.

पहिला उपाय उताराचा. डोंगरटेकड्यांच्या उतारावर ताली आणि बांध घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरत मुरत मग ओढ्यानाल्याला मिळेल. पाणी धावत गेले तर सोबत शेतातला कस नेते. ते चालत गेले तर कस शेतात राहतो आणि विहिरीला झरा लागतो. हे काम करायला पैसा कुठून आणायचा, याचेही उत्तर त्यांच्याकडे होते. रिकाम्या वेळेत लष्कर आणि पोलिसांतल्या जवानांकडून ही कामे करून घ्यावीत, असे त्यांनी सुचवले.

दुसरा उपाय जमिनीखालच्या पाण्याचा. कुठल्या जमिनीत पाण्याचे झरे आहेत, हे जाणकार पाणाड्यांकडून शोधून घ्यावे, त्याची गावाच्या नकाशात नोंद करावी आणि विहिरी खणणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, अशी ही सूचना होती. आज भूजलाचे नकाशे शास्त्रीय पद्धतीने बनतात. पाण्याची नोंद गावाच्या दप्तरात असावी, ही गोष्ट जोतीरावांनी १४० वर्षांपूर्वी मागितली होती.

तिसरा उपाय गाळाचा. नदीनाले आणि तलावांतला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना नेऊ द्यावा. तलावाची खोली वाढते आणि शेताला खत मिळते. जंगल खात्याने ताब्यात घेतलेली गायराने गावाला परत द्यावीत, हेही त्यांनी याला जोडूनच मागितले. रानातला पालापाचोळा आणि जनावरांचे शेण पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरते, तेच शेताचे खरे खत, हे त्यांना ठाऊक होते.

चौथा उपाय वाटपाचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. कालव्याच्या पाण्याचे पैसे शेतकऱ्याकडून घेतले जातात, पण ऐन गरजेला त्याच्या शेतात पाणी येत नाही, अशी जोतीरावांची तक्रार होती. त्यांचा उपाय सरळ होता. प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीला गरजेपुरते पाणी मिळेल अशी तोटी बसवून द्यावी. म्हणजे पाणी वशिल्याने नाही तर मापाने मिळेल.

हे चारही उपाय एकत्र वाचले की त्यांचा विचार स्पष्ट होतो. पाण्याला हात लावण्याचा हक्क, पाणी साठवण्याचे ज्ञान आणि पाणी मोजून वाटण्याची व्यवस्था या तिन्ही गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत. हौद सगळ्यांना खुला आहे पण कोरडा आहे, तर उपयोग नाही. हौद भरलेला आहे पण पहिल्या चार घरांतच संपतो, तरी उपयोग नाही.

शेवटची वर्षे

११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. ज्यांच्या हाती एकेकाळी कंत्राटांचा पैसा खेळला, त्यांची शेवटची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेली.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले तीन गुरू मानले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला शूद्र पूर्वी कोण होते हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. गुरूचा पाण्याचा विचारही त्यांनी पुढे नेला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या कारकिर्दीत आकाराला आली. नदीखोऱ्यांचा एकत्रित विचार करणारा केंद्रीय जलमार्ग, सिंचन व जलवाहतूक आयोग १९४५ मध्ये स्थापन झाला. महाडचा सत्याग्रही आणि दामोदरचा नियोजनकार हे एकच बाबासाहेब आहेत.

पहिल्या गुरूंकडेही पाण्याचा धडा आहे. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद, असे मांडले आहे. सिद्धार्थाने युद्धाला नकार दिला आणि त्याची किंमत स्वतः मोजली. आपल्या धम्माच्या वाटेची सुरुवात पाण्याच्या भांडणापाशी होते, हे आपण विसरू नये.

मग हिवरा आश्रमात बसून काय करायचे?

आपला भाग काळ्या पाषाणाचा. वरच्या थोड्या झिजलेल्या मुरमातच पाणी मुरते, खाली कठीण खडक. म्हणून पावसाळ्यात भरलेली विहीर उन्हाळ्याआधीच उतरते आणि बोअर कितीही खोल नेली तरी पाण्याची खात्री नसते. जवळून पैनगंगा वाहते, हिवरा आश्रमाजवळ कोराडी प्रकल्पाचा जलाशय आहे. तरीही धरण जवळ असणे आणि नळाला पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोतीरावांनी खडकवासल्याच्या कालव्यावर हेच पाहिले होते.

त्यांचा गाळाचा उपाय तर आपल्याच जिल्ह्यात नव्याने वापरला गेला. महामार्गाच्या कामाला लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाले खोल करून घ्यायची, ही पद्धत देशभर बुलढाणा पॅटर्न म्हणून ओळखली गेली. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही राज्याची योजनाही आहे. अभिमान जरूर बाळगावा. पण जोतीरावांचा शिष्य पुढचा प्रश्न विचारील. तलावातला गाळ कोणाच्या शेतात पडला? ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, वाहतुकीला पैसा आहे, तो आधी नेतो. दोन एकरवाला बघत राहतो. आणि जे बांधव वर्षानुवर्षे गायरान कसत आहेत पण ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचे काय? शेततळे, विहीर, ठिबक या योजनांचा अर्ज सातबाऱ्यापाशीच अडतो. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी केलेल्या लढ्याचा पाण्याशी संबंध आहे तो इथे.

नळाचेही तसेच. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. आपली वस्ती बहुतेक गावांत पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला असते. टाकीजवळच्या घरांत मोटर लागली की शेवटच्या नळाला थेंब येत नाही. आज आपल्याला कोणी विहिरीवरून हाकलत नसेलही. पण पाइपलाइनचे टोक कुठे आहे, पाणी किती वाजता सुटते, व्हॉल्व्ह कोणाच्या हातात आहे, यातून जुना भेद नव्या रूपात चालू राहू शकतो. हा भेद दिसत नाही, म्हणून तो मोजावा लागतो.

तरुणांनो, मोजणे अवघड नाही. जयंती मंडळाने एक वही घालावी. आठवडाभर वस्तीतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नळाखाली बादली लावून किती मिनिटांत भरते, ते लिहावे. ही वही घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. तक्रार हवेत विरते, आकड्याला उत्तर द्यावे लागते.

दुसरे काम विहाराच्या छपराचे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचे छप्पर सुमारे ९३ चौरस मीटर भरते. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६५ हजार लिटर पाणी होते. पाचवा हिस्सा वाया गेला म्हणा, तरी ५२ हजार लिटर उरते. माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने पाच जणांच्या घराला ते सहा महिने पुरेल एवढे आहे. एवढी टाकी बांधणे परवडणार नाही, पण पन्हाळीला पाइप जोडून, पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून देऊन, बाकीचे वाळू-गोट्यांच्या खड्ड्यातून विहिरीच्या किंवा बोअरच्या शेजारी जिरवता येते. एका मिरवणुकीच्या डीजेच्या खर्चात हे काम होण्यासारखे आहे, एवढेच सुचवतो.

तिसरे काम बांधाचे. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांनी पावसाळ्यापूर्वी उताराला आडवे बांध नीट करावेत, पेरणीही उताराला आडवी करावी. पाणलोटाचे नवे काम गावात आले तर ते कोणाच्या शेताच्या वर होते आणि कोणाच्या खाली, हे आराखडा पास होण्याआधी पाहावे. काम झाल्यावर मोर्चा काढून बांध हलत नाही.

आणि चौथे, आपला स्वतःचा हौद. आपल्यापैकी ज्याच्या बोअरला पाणी आहे, ज्याच्या दारात टाकी आहे, त्याने एप्रिल-मे महिन्यात शेजारच्या घरासाठी ती उघडी ठेवावी. शेजारी भटक्या-विमुक्तांचे पाल असेल, ऊसतोडीवरून परतलेले कुटुंब असेल, दुसऱ्या जातीचे, दुसऱ्या धर्माचे घर असेल. १८६८ मध्ये जोतीरावांनी कोण पिणार, हे विचारले नव्हते.

येत्या ११ एप्रिलला जोतीरावांच्या प्रतिमेला हार घालताना शेजारी ती पाण्याची वहीही ठेवू या. १४ तारखेपर्यंत तिची पहिली चार पाने भरलेली असतील.

जय जोती! जय भीम!